तीन ठिपक्यांचं झाकण

"आला! झरा आला!" गर्दी ओरडली आणि बाटल्या पुढे झाल्या.

गोदामात चौथऱ्यावर पुरुषभर उंचीचा लोखंडी पाईप उभा. वरचं तोंड उघडं, बुडाला जाड झाकण बोल्टांनी आवळलेलं. तसलंच एक झाकण बाबा गर्दीतून फिरवायचे. "शोधा भोक! देवाला नळ लागत नाही!" भोक कुणाला सापडायचं नाही, पाईप मात्र भरून वाहायचा. या पाण्याने म्हणे दुखणी पळत.

पाच महिन्यांपूर्वी वेल्डरने ते झाकण स्वतः पारखलं होतं. घरी बायकोला म्हणाला होता, "भरीव आहे गं. लोखंडात मला कोण फसवणार?" त्याच्या शब्दावर तिने हृदयाच्या गोळ्या सोडल्या. बाटल्या तिचा सख्खा भाऊ आणायचा. तो बाबांचा उजवा हात. दोन महिन्यांत ती गेली. "श्रद्धा कमी पडली, दाजी," मेहुणा म्हणाला. वेल्डरने तेही गिळलं.

आज शेजारीण मुलीच्या फिटच्या गोळ्या बाबांच्या टोपलीत टाकायला आली होती. सोबतीला वेल्डर.

चौथऱ्याच्या पडद्याखालून ओघळ आला. गळती दिसली की वाकायचं, ही त्याची जन्माची सवय. त्याने पडदा उचलला. बुडाच्या झाकणाला कडेशी भोक, भोकावर नळी बसवायचं आट्यांचं तोंड वेल्ड केलेलं, त्याला रबरी नळी. वेल्डशेजारी पंचाने ठोकलेले तीन ठिपके. त्याच्या स्वतःच्या कामाची खूण.

"पंपाचं काम आहे दाजी, आतून सपाट ठेवा," म्हणत मेहुण्यानेच ते त्याच्याकडून करवून नेलं होतं. साबणाचा फेस लावून सांधा गळत नाही ना, हे तेव्हा बायकोने तपासलं होतं. भावाचं काम म्हणून दोनदा.

"तुला ठाऊक होतं?" त्याने बाबांशेजारी उभ्या मेहुण्याला विचारलं.

"दाजी, चारचौघांत नको. घरी बोलू."

"घरी आता कोण आहे?"

त्याने नळी पिरगाळून सोडवली. पाईपातलं पाणी भसाभस खाली आलं. नळीचं दुसरं टोक मागच्या टाकीच्या पंपाला निघालं.

"अश्रद्धाच्या हाताने झरा आटला!" बाबा गरजले.

"मग लावा की नळी, येईल परत," शेजारीण म्हणाली आणि टोपलीत टाकलेल्या मुलीच्या गोळ्या परत उचलून घेतल्या.

वेल्डर गर्दीकडे वळला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"हातात देतात ते झाकण वेगळं, लावलेलं वेगळं. मी हातातलं तेवढं पारखलं. तुम्ही वाकून बघत जा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका."

मग त्याने झाकणाखाली बोट फिरवलं.

"गळत होती ती नळी. सांधा पक्का आहे. तिने तपासला होता."