चपट्यांचे चार फूट

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लांबी चार फूट, रुंदी अडीच. माझी एक कड हातांनी झिजून गोल झाली आहे आणि दुसऱ्या कडेला करवत चालवल्याची सरळसोट खूण आहे. ती खूण दिसली की येणारा-जाणारा विचारतो, बाकीची कुठे गेली? तेच आज सांगते. मला थोडक्यात बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझं लाकूड रेडवूडचं. झाड असतानाचं मला काही आठवत नाही आणि उगाच आठवतं असं सांगणारही नाही. आठवतं ते सनीव्हेलमधल्या रादोविचांच्या जर्दाळूच्या बागेतलं पत्र्याचं शेड. तेव्हा मी सोळा फूट लांब होते आणि चार लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली होते. जून संपता संपता फळ उतरलं की आसपासच्या बायका-पोरी सुऱ्या घेऊन माझ्या दोन्ही अंगांना उभ्या राहायच्या. फळ चिरायचं, बी काढायची, फोडी ट्रेमध्ये उताण्या मांडायच्या. मग ते ट्रे गंधकाच्या धुरीला आणि तिथून उन्हात जायचे.

बागेच्या मालकीणबाई म्हणजे मिल्का रादोविच. तोंडाच्या फटकळ, पण फळाच्या बाबतीत फार हळव्या. जास्त पिकून लिबलिबीत झालेलं फळ चिरता येत नाही, हातातच सुटतं. दुसऱ्या शेडांत कुणी कंटाळून ते बादलीत टाकलंही असेल, आमच्याकडे मात्र तशी सोय नव्हती. माझ्या पूर्वेकडच्या टोकाला चार फूट जागा त्या फळांसाठी राखलेली असे. तिथे ती अंगठ्याने दाबून, चपटी करून वाळवायची. सगळे त्यांना ‘चपटे’ म्हणायचे. काळपट रंग, वेडावाकडा आकार, बाजारात त्यांना मान नव्हता. पण नाताळात मिल्काबाई स्वतःच्या घरच्या केकमध्ये घालायच्या ते चपटेच, कारण सगळ्यात गोड तेच असत.

नऊ वर्षांची एक मुलगी तिथे उभी असायची, रोझली बेटनकोर्ट. सुरी चालवण्यात ती फार मंद होती, म्हणून मिल्काबाईंनी तिला चपट्यांकडे लावलं होतं. तिच्या अंगठ्यांचे दाब मला अजून ओळखू येतात.

पुढे आजूबाजूच्या बागा तुटल्या आणि तिथे बुटक्या, बिनखिडक्यांचे कारखाने उभे राहिले. शेडमध्ये कुणी येईना. चार उन्हाळे मी नुसती पडून होते. मला त्याचं फार वाईट वाटायचं. उंदीर फिरायचे, तेवढीच सोबत.

एकोणीसशे सत्याहत्तरच्या वसंतात दार किलकिलं झालं. रोझली आत आली, आता अठ्ठावीस वर्षांची. एका कारखान्यात आठ वर्षं तिने डाग देण्याचं काम केलं होतं, म्हणजे तारा आणि सुटे भाग वितळलेल्या कथलाने जोडायचं. तिच्याबरोबर तिथलाच एक इंजिनीयर होता, वेस तानाबे. दोघांनी नोकरी सोडली होती. त्यांना असं यंत्र बनवायचं होतं, की ज्याच्यापुढून फळ सरकलं की ते पिकलंय की कच्चं हे यंत्रानेच सांगावं.

“भाडं किती घ्याल, मिल्कामावशी?” रोझलीने विचारलं.

“भाड्याचं मग बघू. आधी ती कोळिष्टकं काढा,” मिल्काबाई म्हणाल्या. “आणि ही पूर्वेकडची बाजू कशासाठी असते ते ह्या पोराला सांग.”

रोझलीने सांगितलं, आणि पाळलंही. माझे बारा फूट विकायच्या यंत्रासाठी. उरलेले चार फूट फसलेल्या गोष्टींसाठी. जे जुळलं नाही, जळलं, चुकीचं बोललं, ते तिथे एका ट्रेमध्ये जायचं आणि त्यावर चिठ्ठी लागायची: काय करायला गेलो, काय झालं. त्या ट्रेलाही ती ‘चपटे’च म्हणायची.

खरं सांगते, त्या दोघांचं काम बघून माझा जीव टांगणीला लागायचा. वेस हुशार होता, पण त्याला कुठलीही गोष्ट संपवता येत नसे. दोन वर्षांत त्याने फळं पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याची मोटर अकरा वेळा बदलली. यंत्रं विकली किती? एक. तेही मिल्काबाईंच्या दिरांना, आणि ते दीर माणूस म्हणून फार भिडस्त होते.

मग वेंडेल कर्बी आले. पन्नाशीचे, स्वतः एकेकाळी इंजिनीयर असलेले, आता डोंगराकडच्या रस्त्यावर ऑफिस थाटून नव्या कंपन्यांत पैसे घालणारे. ते यंत्राभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “हे बघा, मी बँक नाही. व्याज मागणार नाही, घर गहाण ठेवायला लावणार नाही. तुम्ही बुडालात तर माझेही बुडाले. पण चाललात तर कंपनीचा तिसरा हिस्सा माझा, आणि दर महिन्याच्या बैठकीत एक खुर्ची माझी.”

“खुर्च्या नाहीत आमच्याकडे,” रोझली म्हणाली. “फळांचा खोका चालेल?”

“चालेल.”

तेव्हापासून ते त्या खोक्यावरच बसायचे.

मित्रांनो, पैसा आला आणि शेड पालटलं. वेसला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारू लागलं, “हे कधी संपणार?” कर्बीसाहेबांनी त्याला गाडीत घालून फळं भरणाऱ्यांच्या गोदामांत नेलं, तिथल्या बायकांशी बोलायला लावलं. उत्तम यंत्रजोडणी करणारी माणसं आणली. पट्टा चालू लागला, मोटर ठरली, नव्या कल्पनांची पेटंटं नोंदली गेली. दोन वर्षांत झालं नव्हतं ते आठ महिन्यांत झालं. ते सगळं माझ्या अंगावरच घडलं आहे, म्हणून कुणी अशा पैशाला नुसती नावं ठेवली तर मला पटत नाही.

पण तो पैसा एकदम येत नसे, हप्त्यांनी येई. दुसऱ्या हप्त्याची अट होती: एकतीस मार्चच्या आत तीस यंत्रं रवाना. तारीख कागदावर चढली, सह्या झाल्या, आणि चारपाच शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मार्चमध्ये जर्दाळूच्या झाडावर फुलं असतात. फळ नसतं.

“मग यंत्र तपासायचं कशावर?” रोझलीने विचारलं.

वेसने टेबल-टेनिसचे चेंडू आणले. चारशे. हिरवे, पिवळे, केशरी रंगवले आणि पट्ट्यावरून सोडले. यंत्राने एकही चुकवला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र साठ उन्हाळे खऱ्या फळाखाली काढले होते, मला ते चेंडू मुळीच आवडले नाहीत.

तीस यंत्रं जोडायला जागा पुरेना. “ती पूर्वेकडची बाजू मोकळी करूया,” वेस म्हणाला.

“ती नाही.”

“रोझली, चार फुटांसाठी तारीख चुकवायची का? चपटे जातात कुठे? नंतर परत मांड की.”

“नंतर मांडते म्हणणाऱ्याने कधी मांडलंय?”

तिने कर्बीसाहेबांकडे पाहिलं. ते खोक्यावर बसून यादी वाचत होते. “तारीख महत्त्वाची,” ते एवढंच म्हणाले. रोझलीने ट्रे उचलला आणि माझ्याखाली, घोड्याच्या आडव्या दांडीवर सरकवून ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. नवव्या वर्षापासूनची तिची जागा होती ती.

एकोणतीस मार्चला तीस यंत्रं गेली. हप्ता आला, केक कापला गेला. आणि जूनमध्ये खरे जर्दाळू आले: पहाटेच्या दवाने ओले, अंगावर बारीक लव असलेले, एका गालावर लाली आणि आत कच्चे. यंत्रांना काही कळेना. चांगलं फळ फेकलं जाई, कच्चं पेटीत जाई. जुलैच्या मध्यापर्यंत त्यातली एकोणीस यंत्रं ट्रकने परत आली आणि शेडच्या दारात उभी राहिली.

कर्बीसाहेबांचे भागीदार म्हणत होते, हात काढून घ्या. कर्बीसाहेबांनी ते लपवलं नाही. “मला पुढच्या महिन्यात त्यांना उत्तर द्यायचंय,” ते म्हणाले. “काही दाखवण्यासारखं आहे?”

रोझली खाली वाकली, ट्रे ओढून माझ्यावर ठेवला आणि धूळ झटकून एक चिठ्ठी वाचली. “वरून रंग बघायचा नाही. प्रकाश फळाच्या आरपार पाठवायचा आणि पलीकडे किती उरला ते बघायचं. आत कच्चं असेल तर कळतं. दवाने फरक पडत नाही.”

“मग हे टाकून का दिलं?”

“दिव्याच्या उष्णतेने फळ शिजायचं. मुरंबा होत होता.”

कर्बीसाहेब हसले. वेस हसला नाही. तो ट्रेमधला दिवा हातात घेऊन बघत राहिला आणि पुटपुटला, “सतत कशाला जाळायचा? फळ समोर आलं की तेवढ्यापुरता चमकवायचा.”

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मिल्काबाईंच्या उरलेल्या झाडांवरची शेवटची फळं दवासकट यायची, यंत्रापुढून जायची, मग रोझली प्रत्येक फळ चिरून आत बघायची. रस पुन्हा माझ्या अंगावर सांडला. कर्बीसाहेब भागीदारांना घेऊन आले, तेव्हा दोनशे फळांत यंत्राचा अंदाज फक्त तीनदा चुकला होता.

पैसा आला, पण अटी घेऊन. वेसच्या जागी अनुभवी अध्यक्ष नेमायचा. वेसला ते लागलं. मग त्याने मान्य केलं, आणि मला वाटतं त्याची सुटकाच झाली. कराराच्या अगदी शेवटी कर्बीसाहेबांनी स्वतःच्या हाताने एक कलम लिहिलं: फळीचे पूर्वेकडचे चार फूट कुठल्याही मागणीच्या कामासाठी वापरायचे नाहीत.

“वकील हसतील,” रोझली म्हणाली.

“हसू दे. मार्चमध्ये मी चुकलो, ते कुठेतरी लिहिलेलं असावं.”

पुढची वर्षं भरभराटीची गेली. कंपनी नव्या इमारतीत गेली, मीही गेले. माणसं दोनशे झाली. पेटंटं चाळीसच्या वर गेली. त्यातली पुष्कळशी नुसती भिंतीवर टांगण्यापुरती. ज्यांच्या जोरावर यंत्रं विकली जात ती तीन, आणि तिन्ही चपट्यांच्या ट्रेमधून उठलेली.

पण कर्बीसाहेबांचा पैसा सगळाच त्यांचा नव्हता. शिक्षकांच्या पेन्शनीचा, विद्यापीठांच्या ठेवींचा तो पैसा. दहा वर्षांत तो परत करायचा असं आधीच ठरलेलं. मुदत भरत आली, कंपनी एका मोठ्या उद्योगाला विकली गेली. सगळ्यांना चांगला मोबदला मिळाला, रोझलीलाही. जुना करार तिथेच संपला.

नव्या मालकांना इतिहासाची हौस होती. ज्या फळीवर कंपनी घडली ती दर्शनी दालनात मांडायची, वर काच, खाली पितळी पाटी. फक्त एक अडचण निघाली. दालनाची भिंत बारा फुटांची होती. सुतार आला, त्याने मला दोन्ही टोकांकडून पाहिलं. एक टोक घासूनपुसून स्वच्छ झालं असतं. दुसऱ्यावर पाकाचे काळे डाग आणि दिव्याने भाजलेले चट्टे. त्याने कुठलं कापलं ते तुम्हाला कळलंच असेल. मला दुखलं, मित्रांनो. लाकडाला दुखत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा करवतीखाली झोपून बघावं.

मी मागच्या आवारात कचऱ्याच्या डब्याला टेकून उभी होते. रोझलीने मला उचलून तिच्या गाडीत ठेवलं. अध्यक्ष धावत आले. “रोझली, अहो, तो कचरा आहे. खरी फळी आत आहे.”

“असू दे,” ती म्हणाली. तिने त्यांच्या हातात राजीनाम्याचं पाकीट दिलं आणि गाडी सुरू केली.

आता मी सॅन होझेमध्ये, तिच्या भावाच्या बेकरीमागच्या खोलीत आहे, दोनच घोड्यांवर. दर्शनी भागातली माझी बारा फुटांची बहीण म्हणे आरशासारखी चमकते. तिच्यावर आता कुणी हात ठेवत नाही. मला तिचा हेवा वाटत नाही. रोझली शेजारी नवं यंत्र जोडते आहे, आणि माझ्यावर सहा ट्रे आहेत, सहाही फसलेल्या गोष्टींनी भरलेले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कामं काढाल, कदाचित कुणी विश्वासाने तुमच्यावर पैसाही लावेल. त्याला नाही म्हणू नका. तारीख पाळायला शिका, वेस ते शिकला म्हणूनच माणसांत आला. पण आपल्या फळीचं एक टोक कुणालाही देऊ नका, आणि मागणारा घाईत असेल तेव्हा तर मुळीच नको.

गेल्या फेब्रुवारीत कर्बीसाहेब आले होते. आता काठी घेऊन चालतात. ट्रेमधल्या चिठ्ठ्या त्यांनी एकूण एक वाचल्या आणि विचारलं, “किती लागतील?”

“आत्ता काहीच नको.”

“दुसऱ्या कुणाकडून घेतलेस?”

“नाही. फळ कुठंय अजून? जुलैत या. खऱ्या जर्दाळूवर चाललं तर बोलू.”

त्यांनी डायरी काढली, एकतीस मार्चचं पान उलटलं, पुढे पुढे जात जुलै गाठला आणि काहीतरी लिहिलं. जुलैच्या तीन तारखेला सकाळी दार वाजलं, तेव्हा दवाने ओल्या जर्दाळूंची करंडी माझ्यावर नुकतीच येऊन पडली होती. दारात कर्बीसाहेब उभे होते, एका हातात काठी आणि दुसऱ्या काखेत बसायला आणलेला फळांचा रिकामा खोका.