मर्नाची कार्बाइन

मित्रांनो, मी एक जुनी कार्बाइन आहे. दिसायला मी रायफलची धाकटी बहीण, पण मला काडतुसे लागतात पिस्तुलाची. त्यामुळे माझा धक्का सौम्य. म्हणूनच वेस्ट व्हर्जिनियातल्या ओरेनने मला बायकोसाठी घेतले. मर्नाची मनगटे संधिवाताने धरली होती, तिला पिस्तूल पेलवत नव्हते.

ओरेन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. हाताला काम हवेच असे त्याला. माझा दस्ता मर्नाला लांब पडू लागला, तेव्हा त्याने आखूड दस्ता बसवला. चाप जड होता, तो बदलून हलका केला. तिची नजर मंदावली, तशी त्याने माझ्या पाठीवर नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच चढवली.

"एवढे लाड कधी माझे केलेस का रे?" मर्ना विचारायची.

"तुझेच चाललेत की, बाई!"

शनिवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर लोखंडी तबकड्या टणाटण वाजायच्या. तिचा भाऊ क्लाइड ओरडायचा, "ओरेन, बंदूक नीट केलीस, आता नवराही नीट करून दे तिला!" सगळे हसायचे. मर्नाचा गाल माझ्या दस्त्याला टेकलेला असायचा. तिचे हसू मला आतपर्यंत जाणवायचे.

एका हिवाळ्यात मर्ना आजारी पडली आणि गेली.

ओरेनने मला कपाटात टाकून दिले नाही. उलट तो नवनवे भाग मागवत राहिला. नवी मूठ आली, नवी नळी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो मला सुटी करायचा आणि पुन्हा जोडायचा. मी कधी नव्हे इतकी देखणी झाले. पण मला कुणी खांद्याला लावेना. दिवसचे दिवस त्या घरात एक शब्द उमटत नसे.

एका दुपारी त्याने मला बाहेर काढले. पुसायला नव्हे. मांडीवर घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. मित्रांनो, मी पडले लोखंडाची. 'नको' म्हणायला मला तोंड नाही. तेवढी असहाय मी कधीच नव्हते.

मग त्याने मला टेबलावर ठेवले आणि फोन उचलला.

"क्लाइड, मर्नाची बंदूक तुझ्याकडे घेऊन जा."

"का रे? बिघडली?"

"ती नाही बिघडली." ओरेन म्हणाला. "सध्या ती माझ्याजवळ नको. माझाच मला भरवसा नाही."

थट्टेखोर क्लाइडने या वेळी थट्टा केली नाही. तो म्हणाला, "तू आधी घराबाहेर पायरीवर जाऊन बस. फोन ठेवू नकोस, मी निघालोच. बोलत राहा."

"काय बोलू?" उठून दाराकडे जात ओरेनने विचारले.

"काहीही. सकाळी काय खाल्लंस ते सांग."

"काही नाही."

"कालचं सांग मग, गाढवा!"

क्लाइड आला. त्याने मला रिकामी केले, गाडीत ठेवले आणि ओरेनला म्हणाला, "तूही चल. घेवड्याचं कालवण नि मक्याचा पाव केलाय. एकट्याला संपत नाही."

तेव्हापासून मी क्लाइडच्या लोखंडी कपाटात आहे. इथे अंधार आहे. तेलाचा हात क्वचितच फिरतो. मर्नाचा गाल आठवतो, तेव्हा फार एकटे वाटते. पण ओरेन आता डॉक्टरांकडे जातो आणि जेवायला इथे येतो. परवा दाराआडून त्याचे हसणे ऐकू आले. त्याने अजून मला मागितलेले नाही. मागूही नये.

मित्रांनो, मला जपा, कुलपात ठेवा, हे तर खरेच. पण त्याआधी माणसे जपा. कुणी म्हणाले, 'हे माझ्याजवळ नको,' तर बोलत राहा आणि ताबडतोब निघा.