सारजानं दाखवलेला रस्ता

शहाण्णव सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. पुण्यात जुन्या मोटारी बाळगणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता. वर्षातून एकदा ही मंडळी बायकापोरांसह दोन दिवस सहलीला निघायची. गाड्या जुन्या आणि बघायची गावंही जुनी, असा शिरस्ता. त्या वर्षी सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरची गढी बघून सोलापूर रस्त्यानं माघारी, असा बेत ठरला. हे कळल्यावर माळेगावचा महिपती हरखून गेला. क्लबात बारामती तालुक्यातला तो एकटाच होता.

महिपती साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फोरमन. एका डॉक्टरच्या गोठ्यात जिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या, ती मॉरिस मायनर त्यानं ओढून आणली आणि पाच-सहा वर्षं खपून पुन्हा रस्त्यावर काढली. त्याची बायको सारजा आधी कुरकुरली. "ह्या डब्यापायी माझी व्हरांड्यातली जागा गेली," म्हणाली. पण गाडीला दुधी रंग लागला तशी तिनं स्वतः मशीनवर बसून सीटची कव्हरं शिवली, आणि कुणी घरी आलं की चहाआधी गाडी दाखवायला लागली.

शनिवारी दिवस कलता कलता बारामतीच्या डाकबंगल्याच्या आवारात एकेक गाडी येऊन लागत होती. बघ्यांची गर्दी झाली होती. माळेगावहून परस्पर आलेली सारजा हिरवं लुगडं नेसून मॉरिसच्या शेजारी उभी होती. लोक मॉरिसकडं बघत होते आणि तिचा जीव सुपाएवढा झाला होता.

तेवढ्यात फाटकातून एक लांबलचक, उघड्या टपाची, मोरपंखी गाडी आत आली. तिचा भोंगा वाजला तशी सगळी गर्दी मॉरिसला सोडून तिकडं पळाली. दार उघडून एक बाई उतरली. काळा चष्मा, डोक्याला रेशमी रुमाल.

"अक्का!" बाई ओरडली.

ती सारजाची धाकटी बहीण बानू होती.

सारजा मॉरिसला आणखीच चिकटून उभी राहिली. बानूच्या नवऱ्याचा, आबाजीरावाचा, हडपसरला ट्रकांचा धंदा होता, हे तिला ठाऊक होतं. पण त्यानं मुंबईहून तयार, चकचकीत ब्यूक उचलली आणि क्लबात नाव घातलं, हे तिच्या कानावर नव्हतं. महिपतीच्या होतं. त्यानं जाणूनच सांगितलं नव्हतं.

"तुला मज्जा म्हणून न्हाय सांगितलं," तो हळूच म्हणाला.

"लई मज्जा वाटली," सारजा म्हणाली.

ह्या दोघी पणदऱ्याच्या गेणबाच्या लेकी. गेणबानं मेंढरं विकून विहीर पाडली, ऊस लावला आणि थोरलीच्या लग्नाचं बघायला लागला, तेव्हा पहिलं स्थळ आलं ते ह्याच आबाजीचं. सारजाला नटवून आतल्या खोलीत बसवलं होतं. पाहुणे ओसरीवर टेकले आणि पाण्याचा तांब्या घेऊन सोळा वर्षांची बानू बाहेर गेली. पाहुण्यांनी तिलाच पसंत केलं. गेणबानं हो-ना करत धाकटीचं आधी उरकलं. थोरलीला दोन वर्षांनी महिपती मिळाला. नवरा गुणाचा मिळाला हे सारजाही नाकारत नसे. पण बानू तांब्या घेऊन पुढं पुढं करत गेली, आपल्या ताटातलं उचलून नेलं, हे तिनं तीस वर्षं मनात जपून ठेवलं होतं. बानूचं घर झालं, फ्रीज आला, बानूला पोरगा झाला, बानू विमानात बसली. प्रत्येक बातमीला सारजाच्या मनात तो तांब्या पुन्हा भरायचा.

बानूनं जवळ येऊन पर्समधली पुडी सोडली आणि बहिणीच्या कपाळाला जेजुरीचा भंडारा लावला. "तुझ्यासाठी मुद्दाम आणलाय गं. कशी आहेस?" बोलणंही आता पुण्याचं झालं होतं.

"हाय तशी हाय," सारजा म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या. क्लबाचे प्रमुख दस्तूरसाहेब म्हणजे एक हसरे पारशी म्हातारे. ते ब्यूकभोवती तीनदा फिरून आले. पुण्याच्या बायका बानूला रुमाल कुठून घेतला ते विचारत होत्या. हे सगळं सारजानं एकवेळ सोसलं असतं. पण महिपती नवे कपडे घालून त्या ब्यूकच्या खाली शिरला आणि तेलकट हातानं बाहेर येऊन म्हणाला, "आबाजीराव, काय इंजन हाय वो! शिवणयंत्रावानी चालतंय!" तेव्हा मात्र तिनं ताट बाजूला सारलं. नवरासुद्धा तिकडचाच झाला.

सकाळी दस्तूरसाहेबांनी कामं वाटून दिली. महिपती इथला माहीतगार. त्यानं सगळ्यांच्या पुढं जायचं आणि लासुर्ण्याच्या पुढं एक फाटा लागतो तिथं थांबायचं. सरळ रस्ता इंदापूरचा, उजवा रस्ता उसाच्या रानातून नदीकाठच्या गावांकडं जाणारा. हिरवा झेंडा घेऊन प्रत्येक गाडीला सरळ वाट दाखवायची आणि शेवटची गाडी गेली की मागून यायचं.

महिपतीनं झेंडा मोठ्या अभिमानानं दाखवला. फोर्ड गेली, ऑस्टिन गेली, एक पिटुकली फियाट गेली. मधे मधे उसाच्या बैलगाड्या येत होत्या, त्यामुळं गाड्यांची रांग तुटली होती. शेवटी एक पिवळी गाडी गेली आणि मागं ब्यूक तेवढी राहिली. ती काही दिसेना.

"फोटू काढीत बसली आसतील," महिपती म्हणाला. फाट्यावरच्या टपरीत त्याच्या ओळखीचा माणूस दिसला. "धर जरा झेंडा. आबाजीराव आलं की सरळ दाव. मी आलोच." असं म्हणून तो टपरीत शिरला.

सारजा झेंडा घेऊन उभी राहिली. उसाच्या गाड्यांमागून ती मोरपंखी गाडी डुलत डुलत आली. आबाजीराव चाकामागं रुबाबात बसलेला, बानूच्या रुमालाचं टोक वाऱ्यावर उडत होतं. गाडी हळू झाली. बानूनं चष्मा वर केला आणि हसून विचारलं, "अक्का, कुठनं?"

सारजानं काही ठरवलेलं नव्हतं. पण तिचा हात वर गेला आणि झेंडा उजवीकडं वळला.

आबाजीरावानं भोंगा वाजवला, गाडी वळवली आणि बघता बघता ती उसाच्या रानात दिसेनाशी झाली. सारजाच्या उरातली कळ एकदम थांबली. बऱ्याच वर्षांत इतका मोकळा श्वास तिनं घेतला नव्हता.

महिपती मिशा पुसत आला. "आबाजीराव गेलं?"

"गेलं की."

हे काही खोटं नव्हतं, असं तिनं स्वतःला समजावलं.

इंदापुरात गढीपाशी गाड्या ओळीनं लागल्या. दस्तूरसाहेब बुरुजाकडं बोट दाखवून मालोजीराजांबद्दल सांगत होते. ब्यूक नव्हती, त्यामुळं बघ्यांचे डोळे मॉरिसवर आले. एका बाईंनी सीटच्या कव्हरांचं कौतुक केलं, एकानं सारजाला गाडीला टेकवून फोटो काढला. सारजा फोटोत हसली. ऊन चांगलं लागत होतं.

पण पानं मांडली तरी ब्यूक आली नाही. दस्तूरसाहेब घड्याळ बघायला लागले. कुणी म्हणालं इंजिन तापलं असेल, कुणी म्हणालं चाक फुटलं असेल. कुणीतरी सहज बोलून गेलं की तिकडं नदीकाठी रस्ते फार वाईट, परवाच ट्रॅक्टर कालव्यात गेला. सारजाच्या हातातली पोळी हातातच राहिली. बानूला पोहता येत नाही. लहानपणी विहिरीवर बाप शिकवायचा तेव्हा ती रडत पळून जायची आणि सारजा तिला हसायची.

"अहो," ती उठली, "आपण बघून येऊ."

महिपतीनं गाडी काढली. मॉरिस माघारी फाट्यापाशी आली तशी सारजा खाली मान घालून म्हणाली, "डावीकडं वळा. ह्या रस्त्याला बघू."

महिपतीनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग गियर टाकला आणि गाडी वळवली. विचारलं काहीच नाही. त्यानं विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

दोन्हीकडं ऊस, मधे कच्चा रस्ता. प्रत्येक पुलाशी सारजा काचेतून वाकून कालव्यात बघत होती. पुढं एक गाव आलं आणि आधी हलगीचा कडकडाट ऐकू आला, मग सनई. रस्त्यावर मांडव होता. मांडवाकडं वाजतगाजत मिरवणूक येत होती आणि मिरवणुकीच्या मधोमध ती मोरपंखी ब्यूक! मागच्या सीटवर बाशिंग बांधलेला नवरदेव, मांडीवर करवली, बाजूच्या पायरीवर दोन-चार पोरं लोंबकळलेली. चाकामागं आबाजीराव गुलाबी फेटा बांधून असा बसला होता की जणू त्याचंच लग्न आहे.

नवरदेवाला मारुतीच्या देवळात न्यायला सांगितलेली जीप ऐनवेळी आली नव्हती. सगळे तोंडं पाडून बसले होते, तेवढ्यात ही गाडी रस्ता विचारायला गावात शिरली. मग काय, गावानं तिला सोडलीच नाही.

मांडवात बायकांच्या घोळक्यात बानू बसली होती. रुमाल सुटला होता, चष्मा कुणीतरी पोरीनं घातला होता. नवऱ्या मुलाची आई तिची ओटी भरत होती. म्हणत होती, "देवानंच धाडलं बया तुमाला!"

सारजा मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. बहीण धडधाकट बघून आधी तिचे डोळे भरून आले आणि लगेच, त्याच डोळ्यांत, जुनी आग परत आली. धाडलं मी, अन् नाव देवाचं! आडरानात लोटली तरी हिच्या पदरात खण-नारळच पडतो. हिचं वाईट करायचं तरी कसं माणसानं?

बानूनं तिला बघितलं आणि उठून आली. दोघी मांडवामागं, चुलवणाच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. भाताच्या काहिलीची वाफ अंगावर येत होती.

"आलीस व्हय हुडकाया?" बानू म्हणाली. पुण्याचं बोलणं तिच्या तोंडातून केव्हाच गळून पडलं होतं.

"रस्ता चुकला तुमचा," सारजा म्हणाली.

"चुकला न्हाय. पिवळी गाडी सरळ जाताना मी उसाच्या गाड्यांआडनं बघितली हुती, अक्का. तुझा झेंडा उजवीकडं गेला तवाच मला कळलं."

"मग बोलली का न्हाईस? आबाजीरावांस्नी का वळू दिलंस?"

"म्हणलं, बघू तरी, अक्का मला कुठं धाडती." बानू हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "किती दिस राग धरशील गं? मी काय मागून घेतलं हुतं तुझं?"

"पुढं पुढं करत तांब्या घेऊन तूच गेलतीस!"

"मी?" बानू तिच्याकडं बघतच राहिली. "अक्का, तुझं हात लटलट कापत हुतं. तांब्या तुझ्या हातात हुता. तूच म्हणलीस, 'बाने, माझ्याच्यानं हुईना, तू ने.' मी तर परकरावर हुते. केससुदिक विंचरलं नव्हतं."

आतली ती खोली सारजाच्या डोळ्यापुढं आली. तांब्यातलं पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडलं होतं. ते ओलं, गार लुगडं मांडीला चिकटलेलं तिला आत्ता आठवलं. तीस वर्षांत ते कधीच आठवलं नव्हतं. बानूच्या हातात तांब्या तिनंच दिला होता.

खरं कळलं म्हणून आग लगेच विझली असं नाही. उलट तिला आणखीनच चीड आली, कारण आता ती कुणावर काढायची हेच कळेना. तिकडं हलगी वाजत होती आणि आबाजीराव मोठ्यानं हसत होता.

"मला वाटलं तुमी कालव्यात पडला," शेवटी सारजा म्हणाली.

"पडलो असतो तर तुलाच उडी घ्यावी लागली असती," बानू म्हणाली. "मला कुठं येतंय पवाया."

अक्षता पडल्याशिवाय गावानं कुणालाच हलू दिलं नाही. पंगतीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. निघताना आबाजीराव ब्यूकचं दार उघडून उभा राहिला तशी बानू सरळ मॉरिसकडं चालायला लागली. "दाजी, मी तुमच्या गाडीत बसते. अक्का बसू दे तिकडं."

सारजा नको नको म्हणाली. पण मनातून तिला त्या गाडीत बसायचंच होतं, कालपासून बसायचं होतं. ती बसली. चामड्याची सीट एवढी मऊ होती की पाठीला कुणी हात लावल्यासारखं वाटलं. ऊस दोन्ही बाजूंनी मागं सरकत होता, वारं थेट तोंडावर येत होतं. आबाजीराव काहीबाही सांगत होता, तिनं त्यातलं फारसं ऐकलं नाही.

इंदापूर आलं तेव्हा क्लबाची मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली. दस्तूरसाहेबांनी तर आबाजीरावाचा फेटा स्वतःच्या डोक्यावर घालून बघितला. सारजा उतरली आणि मॉरिसपाशी बानूसमोर जाऊन उभी राहिली.

"चांगली हाय गं तुझी गाडी," ती म्हणाली.

बानूच्या कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणायची ही तिची पहिलीच वेळ. म्हणताना दाढ उपटल्यासारखं दुखलं, पण म्हणून झालं.

"सीटची कव्हरं तुझीच भारी," बानू म्हणाली. "मला बी शिवून दे."

"तुझ्याकडं चामडं हाय की. कव्हरं कशाला?" आणि मग थोडं थांबून, दुसरीकडं बघत, "चार दिस माळेगावला चल. आबाजीराव जाऊ देत पुण्याला."

बानू गेली. त्या मुक्कामात दोघी दोनदा कडाक्याच्या भांडल्या, एकदा पुरणात गूळ घालायचा की साखर ह्यावरून आणि एकदा उगाच. महिपती दोन्ही वेळा उठून व्हरांड्यात गाडी पुसत बसला.