अर्ध्या श्वासाचं इंजिन

मी एक इंजिन बोलतोय. आवाज जरा कोंडल्यासारखा येत असेल तर सांभाळून घ्या. गॅरेजचं शटर खाली आहे, आणि बाहेर जायचं माझ्या हातात नाही.

माझी सुरुवात साधीच होती. पाव पोचवणाऱ्या एका व्हॅनमध्ये मी बरीच वर्षं राबलो. व्हॅन गंजून भंगारात गेली, तिथे एक मिस्त्री आणि त्यांची लेक मला बघायला आले. लेक डोंगरावरच्या शर्यतींत गाडी चालवायची. तिने खटपट करून एक सुपरचार्जर मिळवला होता. हा पट्ट्यावर फिरणारा एक पंप असतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की इंधन वाढतं, आणि जोरही.

लेकीचं म्हणणं, इंजिन आहे तसंच ठेवून वर हा पंप बसवू. मिस्त्रींनी मान हलवली. माझ्यात हवा आधीच घट्ट दाबली जात होती. आणखी कोंबली असती तर ती तापून इंधन अवेळी भडकलं असतं, आतून ठोके बसून पिस्टन फुटले असते. पंपाचा जोर अगदी कमी ठेवायचा, हाही एक मार्ग होता. पण मग एवढा खटाटोप कशाला, असं लेकीने विचारलं. बापलेक दोघंही हट्टी, त्यामुळे वाद चहापासून जेवणापर्यंत चालायचा. शेवटी ठरलं, मला पूर्ण उघडायचं.

माझे जुने पिस्टन गेले. त्यांच्या जागी मजबूत, माथ्यावर वाटीसारखे खोलगट पिस्टन आले, म्हणजे हवा कमी दाबली जावी. पिस्टनना जोडणारे दांडे जाड आले. लेकीने एकेक भाग पुसून हातात दिला, मिस्त्रींनी बसवला. आता सुपरचार्जरशिवाय मी पूर्वीपेक्षाही मंद होतो. मिस्त्री म्हणाले, थोडे दिवस गाडीत बसवून असंच चालवू, अंग मोकळं करू, मग पंप चढवू.

त्याच दिवसांत मिस्त्री तिची शर्यत बघायला गेले. लेकीच्या पुढची गाडी वळणावर निसटून खाली गेली. चालवणारी मुलगी वाचली, पण तिला गाडीतून कापून काढावं लागलं, आणि मिस्त्री ते बघत उभे होते.

घरी येऊन त्यांनी सुपरचार्जर कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. मग सबबी सुरू झाल्या. पट्टा मिळत नाही. पट्टा मिळाला तर कप्पी चुकीची आली. लेक मला तसाच डोंगरावर न्यायची. पायाने ती पूर्ण जोर मागायची, आणि मी धापा टाकायचो. जो पंप मला हवा देणार होता तो फळीवर पडलेला, आणि मला सांगायला तोंड नाही. सगळे पुढे निघून जायचे.

एकदा तिची आई डबा घेऊन आली. फळीवरचं गाठोडं बघून तिला सगळं उमगलं. ती शांतपणे म्हणाली, "तिला बांधूनच ठेवायचं होतं, तर शिकवलंत कशाला?"

मिस्त्री पाना पुसत राहिले.

मग दुसऱ्या शहरातल्या एका संघाकडून लेकीला बोलावणं आलं. तिने स्वतः मला गाडीतून उतरवून लोखंडी स्टँडला जखडलं. "मला न्यायचं होतं हे," ती म्हणाली, "पण असं अर्धवट नेऊन काय करू? तुम्ही आम्हा दोघांनाही मोकळं सोडत नाही, बाबा." गाडी दोरीने बांधून ट्रकवर गेली. मी राहिलो.

बरेच दिवस मिस्त्री माझ्याकडे फिरकलेच नाहीत. एका दुपारी शिडी लावून त्यांनी ते गाठोडं उतरवलं. कुणी मागितलं नव्हतं. पट्टा कपाटातच होता. कप्पीही होती. स्टँडवरच त्यांनी पंप चढवला, धुराची नळी खिडकीबाहेर काढली आणि मला चालू केलं.

काय सांगू! छाती भरली. ज्यासाठी मला घडवलं ते पहिल्यांदा माझ्या पोटात गेलं. स्टँड थरथरला. मी ओढ घेत होतो, पण खाली चाकं नव्हती.

मिस्त्रींनी लेकीला फोन लावला आणि तो माझ्यापाशी धरला. ती खूप वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, पट्टा घसरतोय. थोडा ताणून घ्या."

त्यांनी मला बंद केलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी हात नीट चालले. पट्टा ताणून झाल्यावर फोन उचलून त्यांनी विचारलं, "गाडी घेऊन कधी येतेस?"

ती म्हणाली, बघते.

तेव्हापासून मी इथेच आहे, पूर्ण झालेला आणि बांधलेला. तुमच्या घरीही कुणाला असं मेहनतीने घडवलं असेल, तर एवढंच सांगणं आहे, त्याला फार वाट बघायला लावू नका. उभ्या इंजिनाचं तेल हळूहळू खाली उतरतं आणि माथा कोरडा पडतो. म्हणून मिस्त्री रोज सकाळी मला हाताने थोडं फिरवून ठेवतात, आणि रस्त्यावर ट्रक थांबला की शटरपर्यंत जाऊन येतात.