गालातली गोळी

"अहो, इकडे या. आत्ताच्या आत्ता!"

आवाजावरूनच पोपट ओव्हाळांनी ओळखलं, हिला काहीतरी सापडलंय. ते लगबगीनं बाहेरच्या खोलीत आले. शर्मिलानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एका हातात इस्त्री उलटी धरली होती आणि दुसऱ्या हातात त्यांचा पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशापासून इस्त्रीच्या तळापर्यंत एक राखाडी तार लोंबत होती. कात्रजच्या त्या दोन खोल्यांत जळक्या पुदिन्याचा वास भरून राहिला होता.

"हे काय आहे?"

"गोळी असेल."

"असेल? दुसऱ्या कुणाच्या तोंडातली वस्तू तुमच्या खिशात येणार आहे?" शर्मिला म्हणाली. "शी! चघळलेला चोथा माणूस छातीशी बाळगतो? आणि तोही वंदनेला घालायच्या शर्टात?"

"कागदात गुंडाळली होती गं."

"हो ना. कागदही चिकटलाय सोबत. आता मी इस्त्री चाटून साफ करू का?"

ओव्हाळांचं बोलायला तोंडही मोकळं नव्हतं. डाव्या गालात दुसरी गोळी होती.

ओव्हाळांनी सिगारेट सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. सोडली म्हणजे सोडलीच, परत एक झुरका म्हणून मारला नाही. सदाशिव पेठेतल्या ज्या कॉलेजात ते हेडक्लार्क होते तिथल्या लोकांनी कौतुक केलं, वस्तीतल्या बुद्धविहारात त्यांना गुलाबाचं फूल देऊन टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी तेवढ्यापुरतं निकोटीनचं च्युइंगम लिहून दिलं होतं. दोनचार महिने खा, हळूहळू कमी करा, मग बंद. थोडं चावायचं, गालात दाबून ठेवायचं, परत थोडं चावायचं. सिगारेट गेली आणि ही गोळी राहिली. पाहुणा म्हणून आली आणि घरजावई होऊन बसली.

बरं, आवडती असती तरी एक वेळ समजलं असतं. पण त्या चवीचा त्यांना उबग आला होता. पुदिन्याची चटणी ताटात दिसली की ते ताटच सरकवायचे. जबडा दुखायचा, छातीत जळजळायचं, जीभ कायम पांढरी. तरी एक संपली की हात आपोआप दुसरीकडे जायचा. झोपतानाही गालात गोळी असायची. एकदा सकाळी उठले तर ती मिशीत! शर्मिलानं कात्री आणली, मिशीचा एक कोपरा कापला आणि दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नाही. आरशात तो अर्धवट मिशीचा माणूस बघून ओव्हाळांना स्वतःचीच किळस आली. तोंड धुतलं, चूळ भरली आणि नवी गोळी तोंडात टाकली. काय म्हणावं अशा माणसाला!

कॉलेजात खिडकीपलीकडून पोरं बोलायची. "सर, तुमचं चावून झालं की सांगा, मी थांबतो." चैताली, त्यांची एकुलती एक मुलगी, घरात याला सरळ रवंथ म्हणायची. "मम्मी, पप्पांचं रवंथ चालू आहे, नंतर विचार."

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण ओव्हाळ नुसते क्लार्क नव्हते, वस्तीचे बौद्धाचार्य होते. दर रविवारी विहारात वंदना तेच घ्यायचे. कात्रजपासून धनकवडीपर्यंत किती लग्नं त्यांनी लावली होती. भरदार आवाज, स्वच्छ उच्चार. लोक म्हणायचे, ओव्हाळकाकांनी लावलेलं लग्न कानात राहतं. आणि आता चैतालीचं लग्न ठरलं होतं, येरवड्याच्या अभयशी. लहानपणापासून ती सांगत आलेली, माझं लग्न पप्पाच लावणार.

ज्या रविवारी इस्त्रीचा प्रकार झाला त्याच रविवारी अभयच्या घरचे वंदनेला येणार होते. होणाऱ्या व्याह्यांचा आवाज ऐकावा, विहार बघावा, एवढंच. ओव्हाळ दुसरा शर्ट घालून निघाले. दारात चैताली म्हणाली, "पप्पा, आज तरी ती टाका."

"टाकतो गं. तिथं गेल्यावर."

टाकली नाही. विहार भरलेला, पहिल्या ओळीत अभयची आई आम्रपालीताई, सगळे आपल्याकडे बघतायत. हाताला घाम सुटला आणि त्यांनी गोळी गालात आणखी घट्ट दाबली. तेवढाच आधार.

वंदनेची रीत अशी की पुढच्यानं एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती तश्शीच मागून म्हणायची. मुलं तर फारच मन लावून म्हणतात. अर्थ कळत नसला तरी आवाजाची नक्कल पक्की. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं. नशेच्या, मोहात पाडणाऱ्या सगळ्या वस्तूंपासून दूर राहण्याचं. ओव्हाळांनी आवाज लावला आणि त्याच क्षणी गोळीचा तो कडवट रस घशात उतरला. ओळीच्या ऐन मध्यावर त्यांना उचकी लागली. मोठी, आख्खं अंग हलवणारी.

मोठी माणसं थबकली. मुलं थबकली नाहीत. समोर बसलेल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांनी हात जोडून, डोळे मिटून, पाचवं शील उचकीसकट म्हटलं. एका सुरात!

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. आम्रपालीताई समजूतदारपणे म्हणाल्या, "पाणी द्या त्यांना. कुणीतरी आठवण काढतंय." ओव्हाळांनी पाणी घेतलं. गोळी पाण्याबरोबर पुढे आली, ती त्यांनी जिभेनं परत मागे ढकलली, आणि हे चैतालीनं पाहिलं. तिनं मान खाली घातली ती वंदना संपेपर्यंत वर केली नाही.

घरी येताना ती पुढे आणि हे मागे. जिन्यात वळून ती म्हणाली, "पप्पा, शील कोणतं चालू होतं ते तरी बघायचं."

"ती काय दारू आहे का? औषध आहे, औषध."

"औषध असतं तर लपवून खाल्लं नसतं तुम्ही." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मी स्पष्टच सांगते. माझं लग्न तुम्हाला लावायचं असेल तर तोंड रिकामं ठेवून लावायचं. नाही जमलं तर मी दापोडीच्या भालेराव सरांना बोलावते. तुम्ही मांडवात बसा, पाहुण्यांसारखे. रवंथ करत."

दापोडीच्या भालेरावांचं नाव ओव्हाळांना फार लागलं. आपल्या लेकीच्या लग्नात आपण खुर्चीत आणि पुढे भालेराव! त्या दिवशी ते जेवले नाहीत. गोळी मात्र खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते शनिवार पेठेतल्या त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "ओव्हाळ, तुम्ही अजून तेच खाताय? मला वाटलं, कधीच सुटलं." मग म्हणाले, एकदम तोडू नका, अर्धी करा, मग पाव करा, मधलं अंतर वाढवत न्या. चिडचिड होईल. होऊ द्या.

अर्धी करायची कशी? सुरीला चिकटते, कात्रीला चिकटते. शेवटी त्यांनी फळीवरून आईचा अडकित्ता काढला. चंद्रभागाबाई जन्मभर सुपारी कातरत आल्या, त्या गेल्यावर तो तिथंच पडून होता. अडकित्त्यानं गोळी मस्त कातरली जायची. पण अर्धा तुकडा टुणकन उडायचा. एकदा तो कपाटाखाली गेला. ओव्हाळ फरशीवर पालथे पडले, केरसुणीच्या दांड्यानं तुकडा ओढून बाहेर काढला. त्याला धूळ, एक लांब केस आणि मेलेली मुंगी चिकटलेली. त्यांनी फुंकर मारली, मुंगी काढली.

"तेवढा केसही काढा," दारातून शर्मिला म्हणाली. "माझा आहे तो."

ओव्हाळ तसेच पडून राहिले. त्यांना हसू येईना, रडूही येईना. मग तो तुकडा त्यांनी तोंडात टाकला. केस काढून.

रोज संध्याकाळी ते कामावरून आले की चैताली बूट काढायच्या आत समोर उभी राहायची. "पप्पा, आ करा." ती लहान असताना माती खायची तेव्हा ओव्हाळ असंच तिला उभं करायचे, बोट घालून तोंड तपासायचे. आता ती मान वाकडी करून बघायची, डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली. "ठीक आहे. मिटा." पन्नाशी उलटलेला माणूस दारात तोंड वासून उभा. शेजारच्या राधाकाकू एकदा जिना चढता चढता थांबल्या आणि म्हणाल्या, "दात दुखतो का हो?"

अर्धीची पाव झाली, पावचा कण झाला. आणि मग एके दिवशी कणही संपला. ओव्हाळ लवंग चघळायला लागले. लवंगेनं जीभ पोळायची, पण एक संपली की दुसरी मागायची नाही. घरात ते भांड्याच्या आवाजावर खेकसायचे, कॉलेजात कागदावर उगीच शिक्का आपटायचे. लग्न चार पावलांवर आलं आणि त्यांना वाटलं, सुटलं बुवा.

तसं काही सुटत नसतं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात प्रवेशाची गर्दी होती. खिडकीवर रांग, पंखा बंद, एका पोराचे वडील इंग्रजीतून भांडून गेलेले. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी लागली आणि ओव्हाळांच्या मस्तकात काहीतरी तापत गेलं. लवंग थुंकली. खिसे चाचपले, ड्रॉवर उपसला. काही नाही. मग त्यांना आठवलं. पूर्वी कोणी साहेब आले की ते तोंडातली गोळी काउंटरच्या फळीला खालून चिकटवायचे. त्यातली एखादी राहिलेली असेल. जुनी तर जुनी.

इथं सांगणाऱ्यालाही थांबावंसं वाटतं. पण झालं ते झालं. आपल्या बाजूच्या कडेला काही लागेना, म्हणून हा हेडक्लार्क, हा बौद्धाचार्य, काउंटरखाली गुडघ्यांवर बसला आणि खिडकीच्या बाजूपर्यंत हात घालून फळी चाचपायला लागला. बोटांना एक गुठळी लागली. मऊशी. त्यांनी ती नखानं खरवडली, डोळे मिटले आणि तोंडात टाकली.

पुदिना नव्हता. गोड होती. स्ट्रॉबेरीची.

एक क्षण त्यांना कळलंच नाही. मग कळलं. ती त्यांची नव्हतीच. खिडकीपलीकडे रांगेत उभ्या असलेल्या कुठल्यातरी पोरानं आजच, बहुतेक तासाभरापूर्वी, आपल्या तोंडातून काढून तिथं चिकटवलेली. ती अजून ओलसर होती.

ओव्हाळ धावत मागच्या नळावर गेले आणि भडाभडा ओकले. सकाळचा चहा, पोळी, सगळं. घशात बोट घालून पुन्हा ओकले. जिभेवर साबण फिरवला. दुसऱ्याची थुंकी आपण मिटक्या मारत खाल्ली, हे डोक्यातून जाईना. आणि त्याहून वाईट म्हणजे हे की चव कळल्यावरही दात आणखी एकदा चावले होते. निकोटीन आहे का बघायला. नळ वाहत राहिला आणि ओव्हाळ कठड्याला धरून रडले. इतकी घाण त्यांना जन्मात कशाची वाटली नव्हती, आणि ती घाण बाहेरची नव्हती.

त्या संध्याकाळी चैतालीनं "आ करा" म्हटलं तेव्हा ती मागे सरकली. "साबणाचा वास येतोय पप्पा."

"धुतलं," ते म्हणाले.

शर्मिलाला मात्र त्यांनी सगळं सांगितलं, भाजी निवडता निवडता, खाली बघून. आता ही तोंडावर पदर घेणार असं त्यांना वाटलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. नंतर उठून तिनं त्यांच्यासाठी गरम पाण्यात मीठ घातलं आणि पेला पुढे केला. "गुळण्या करा. आणि हे पोरीला सांगू नका. तिच्या सासरी जेवायला जायचंय अजून."

त्यानंतर त्यांनी लवंगही खाल्ली नाही.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. प्रतिमांसमोर मेणबत्त्या लावल्या, अगरबत्ती लावली. चैताली पांढऱ्या साडीत आणि अभय पांढऱ्या कुर्त्यात हात जोडून उभे. पोपट ओव्हाळ पुढे झाले. तोंड रिकामं होतं, इतकं रिकामं की जीभ कुठे ठेवावी ते कळेना. हाताला घाम आला. आधाराला गालात काही नव्हतं. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि आवाज लावला.

आवाज पूर्वीसारखाच निघाला. भरदार. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला त्यांनी श्वास घेतला आणि ओळ म्हटली, एका दमात, स्वच्छ.

वस्तीतली सगळी मुलं पुढेच मांडी घालून बसली होती. त्यांनी हात जोडून, डोळे मिटून ओळ म्हटली आणि ऐन मध्यावर सगळ्यांनी मिळून उचकी दिली. जशी शिकवली होती तशी.

हॉल हसला. आम्रपालीताई हसल्या, अभय हसला. चैतालीचे खांदे हलायला लागले, ती हसत होती की रडत होती ते पदरामुळे दिसत नव्हतं. ओव्हाळांचे कान तापले. तरी ते थांबले, हॉल शांत होऊ दिला, आणि मुलांकडे बघत ती ओळ परत म्हणाले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मुलांनी डोळे उघडले, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि या वेळी तशीच म्हटली.

जेवणं झाली, फोटो झाले, दुपार कलली. अभयच्या भावानं गाडी दारात लावली. चैताली आईच्या गळ्यात पडून रडली, मग वडिलांसमोर आली. ती गाडीत बसली. तिनं काच खाली केली, पण 'आ करा' काही म्हटलं नाही.

म्हणून ओव्हाळांनी आपणहून आ केला. खिडकीशी वाकून, मोठ्ठा. चैतालीनं ओल्या डोळ्यांनी बघितलं, डावा गाल, उजवा गाल. मग मान हलवली आणि गाडी निघाली.

गाडी चौकातून वळली, दिसेनाशी झाली. पाहुणे आत गेले. हॉलचा माणूस खुर्च्या एकात एक घालू लागला. शर्मिलानं जवळ येऊन नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

"मिटा आता," ती म्हणाली. "गेली ती."