चौदाव्या क्रमांकाचे गुण

तेरावी मुलगी दोरीच्या मल्लखांबावरून उतरली, फळ्यावर तिचे गुण लिहिले गेले, आणि चौदावा क्रमांक कोणी पुकारलाच नाही. चौदाचा बिल्ला संयोगिताच्या छातीवर होता. पोलिओ झालेल्या उजव्या पायाचा कॅलिपर काढून तिने केव्हाच आईच्या मांडीवर ठेवला होता.

"काका, माझं नाव?"

आखाड्याचे उस्ताद दिनकरराव तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं सगळ्यांच्या शेवटी, बेटा. खास. पाहुणे शाल देणार आहेत तुला."

"आणि गुण?"

"तुला कशाला गं गुण? तू तर या सगळ्यांच्या वर!"

दोन वर्षे रोज पहाटे बाबांच्या सायकलवर बसून ती बडोद्याच्या समा भागातून इथे आखाड्यात येत होती. दोरीने तळहात सोलले होते, मांडीवर काळे वळ उठवले होते. पण दोरीने तिला कधी बेटा म्हटले नव्हते. तिचा संताप आवाज न करता वर चढत गेला, विहिरीत पाणी चढावे तसा.

रंगीत टीव्हीच्या जाहिरातीखालून निवेदक गुजरातीत गरजला, "हवे एक स्पेशियल आइटम! आपणी बहादूर दीकरी!" आता एक खास आयटम, आपली शूर लेक.

ती चढली. हातांवर शरीर तोलत, डाव्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरत तिने मांडीभोवती पहिली अढी घातली. दुसरी घालताना घाई झाली. पकड सुटली आणि ती हातभर खाली घसरली. त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या चुकीला टाळ्या! मघाशी पूर्वी नावाची मुलगी घसरली तेव्हा सारे हळहळले होते. आपल्याकडून घसरण्यापलीकडे यांनी काही मागितलेच नव्हते, हे तिला त्या उंचीवरून लख्ख दिसले.

उरलेली आसने तिने दात आवळून पूर्ण केली. मग कंबरेला दोरीचा वेढा देऊन ती वरच थांबली. खाली पाहुणे म्हणून आलेले गोरवा भागातले एक कारखानदार शाल उलगडून उभे होते.

"उतर, बेटा," दिनकरराव म्हणाले.

"गुण सांगा. मगच उतरेन."

"संयू, असं करू नये गं," आई, प्रेमला, कॅलिपर छातीशी धरून उठली. "माणसं बघतायत."

"बघू दे! इतका वेळ ती माझा पायच बघत होती."

शालीचे एक टोक मातीत लोळू लागले. संयोगिताचे तळहात पेटले होते. परीक्षकांच्या टेबलाशी बसलेल्या वसुंधराबाईंनी चष्मा वर सारला. कठोरपणाबद्दल त्यांना साऱ्या बडोद्यात शिव्या बसत.

"गुण आत्ता सांगता येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"का? मी खास आहे म्हणून?"

"तू अजून उतरली नाहीस म्हणून. उतरण्याचेही गुण असतात. दुसऱ्या अढीचे मी कापले आहेत. आता घसरलीस तर आणखी कापीन."

त्यांच्यासमोर कागद होता, आणि त्यावर पेन्सिलीने काहीतरी खरोखरच लिहिलेले होते. संयोगिताने ते वरून पाहिले. कंबरेचा वेढा सोडला. मग एकेक मूठ मोजत, मान ताठ ठेवून ती उतरू लागली. दोरी हलली नाही. डावा पाय मातीला टेकला तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. सगळे फळ्याकडे बघत होते.

वसुंधराबाईंनी स्वतः उठून खडूने लिहिले: चौदा. पाच पूर्णांक चार दशांश.

चौदा जणींत अकरावा क्रमांक. शाल धरलेले हात ओलांडून, आईच्या खांद्याचा आधार घेत, संयोगिता लंगडत थेट फळ्यापाशी गेली.

"उतरण्याचे किती दिलेत?"

"दोनपैकी दीड."

"दीड? दोरी हललीसुद्धा नाही!"

"शेवटच्या हातभर अंतरात घाई केलीस."

"नाही केली!"

"केलीस," वसुंधराबाई म्हणाल्या आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "बस. वाच, आणि मग भांड."

संयोगिताने बसायला खुर्ची ओढली.