लोलक कोणाचं ऐकतो

कात्रजच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी वार्षिक सभेला चार डोकी जमवताना सेक्रेटरीच्या नाकीनऊ येतात. आज माणसं पार जिन्यापर्यंत उभी होती. सुदर्शनजी आले होते ना. पांढरा रेशमी झब्बा, मधात बुडवलेला आवाज, आणि मागच्या टेबलावर त्यांनीच लिहिलेल्या ‘स्तब्धसिंधू’ या ग्रंथाच्या थप्प्या. मनःशांतीवरची पुस्तकं पुण्यात पायलीला पन्नास मिळतात. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारं पुस्तक जगात हे एकच, असं त्यांचं म्हणणं.

उत्तर मिळायचं ते दोऱ्याला बांधलेल्या तांब्याच्या लोलकातून. आयटीत काम करणारी निकिता हौसेनं पुढे झाली आणि तिनं दोरा चिमटीत धरला. खाली वर्तमानपत्र ठेवलं, तर लोलक ढिम्म. ते काढून ‘स्तब्धसिंधू’ सरकवला, तसा लोलक हळूहळू गोल फिरायला लागला.

“मी काहीच करत नाहीये, सिरीयसली,” निकिता म्हणाली. तिचा हात हलताना दिसतही नव्हता. लोकांनी तोंडात बोटं घातली.

“ग्रंथातली शांती कंप पावते आहे,” सुदर्शनजी डोळे मिटून म्हणाले. “आता मनातलं विचारा. गोल फिरला तर होकार, आडवा हलला तर नकार. विज्ञान जिथे थकतं ना, तिथे आमचा पहिला अध्याय सुरू होतो.”

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मंदाकिनीबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाई त्या. हे वाक्य ऐकून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, तर श्यामसुंदरराव हात जोडून बसलेले. घरी येताना ग्रंथ आणि लोलक दोन्ही पिशवीत होते.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण श्यामसुंदररावांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बायपास करा, रेंगाळू नका. तारीखही ठरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रंथावर लोलक धरून विचारलं, “ऑपरेशन करू का?” लोलक आडवा हलला. त्यांनी हॉस्पिटलला फोन केला आणि तारीख रद्द करून टाकली.

“अहो, जिवाशी खेळ चाललाय हा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

“मी कुठे काही म्हणतोय? ग्रंथ नको म्हणतोय.”

रोज सकाळी तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. बाई भांडल्या, रडल्या, दोन वेळा जेवल्या नाहीत. काही उपयोग झाला नाही. रात्री ते जरा जास्त वेळ खोकले तरी बाई उठून बसायच्या.

आणि मग आवळे आले. मुरंब्याचं प्रमाण बघायला बाईंनी कपाटातून पाककृतींचं पुस्तक काढलं. घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं ही त्यांची शाळेपासूनची खोड. या खेपेला जुनी कव्हरंही बदलली, पण वर नावं लिहायची तेवढी राहून गेली होती. पुस्तक उघडलं, तर साखरेच्या जागी ‘श्वासाच्या तळाशी बसलेले मौन’. म्हणजे हा ‘स्तब्धसिंधू’. मग बैठकीत नवरोबा रोज लोलक धरत होते ते कशावर? लोणची, मुरंबे आणि चटण्यांवर. बाई तिथेच ओट्याला टेकून हसत सुटल्या.

श्यामसुंदरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी सुदर्शनजींना फोन लावला. “घरात ग्रंथ नांदतो, तेव्हा शेजारची पुस्तकंही पावन होतात,” असं उत्तर आलं, आणि त्यांचं समाधान झालं. बाईंनी पदर खोचला.

पुढच्या रविवारी सुदर्शनजी पुन्हा हॉलमध्ये आले, तेव्हा बाई सारख्या आकाराची, सारख्या कव्हरातली तीन पुस्तकं घेऊन थेट व्यासपीठावर गेल्या. “यातला एक आपला ग्रंथ आहे. लोलकाला ओळखू दे.”

सुदर्शनजींनी हात आखडता घेतला. “माई, मी साक्षीभावात असतो. मी धरत नाही.”

“बरोबर आहे. धरलं की पकडलं जातं,” बाई म्हणाल्या. “निकिता, तू ये.”

निकितानं एकेका पुस्तकावर लोलक धरला. एकावर तो झकास गोल फिरला. कव्हर काढलं, तर आत वॉशिंग मशीन वापरायचं माहितीपुस्तक. हॉलमध्ये हशा पिकला.

“झाकल्यामुळे श्रद्धा विचलित झाली,” सुदर्शनजी घाईनं म्हणाले.

“मग झाकत नाही.” बाईंनी खराखुरा ‘स्तब्धसिंधू’ उघडून ठेवला आणि लोलक माईकच्या स्टँडला बांधला. सगळे टक लावून बघत राहिले. लोलक लोंबकळत होता तो लोंबकळतच राहिला.

“आता पुन्हा हातात धर,” त्या निकिताला म्हणाल्या, “आणि हात न हलवता मनात नुसतं म्हण, आडवा, आडवा.” लोलक आडवा हलू लागला. “आता गोल म्हण.” थोड्या वेळानं तो गोल फिरला. “ही फसवत नाहीये हं. आपण जे मनात धरतो, त्या दिशेनं बोटं बारीकशी हलतात. आपल्यालाही ते कळत नाही. लांब दोरा तीच हालचाल वाढवून दाखवतो. लोलक बोटांचं ऐकतो आणि बोटं मनाचं. पुस्तकाचा काही संबंध नाही.”

सुदर्शनजींनी आपली मौनाची वेळ झाल्याचं जाहीर केलं आणि ते मागच्या दारानं निघून गेले.

श्यामसुंदरराव खुर्चीतून उठलेच नाहीत. हॉल रिकामा झाला, तशा मंदाकिनीबाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

“म्हणजे रोज नको कोण म्हणत होतं?” श्यामसुंदररावांनी विचारलं.

“तुम्हीच.”

ते हळूच म्हणाले, “मंदा, मला फार भीती वाटते गं. भूल दिल्यावर जागच आली नाही तर?”

इतक्या दिवसांत हे ते पहिल्यांदा बोलले होते. बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. “मलाही वाटते,” त्या म्हणाल्या. “पण हे डॉक्टरांना विचारू या.”

दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलमध्ये गेली. श्यामसुंदररावांनी भुलीबद्दल, धोक्याबद्दल, मनात होतं ते सगळं विचारलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ऑपरेशन करण्यात धोका किती, न करण्यात किती, दोन्ही सांगितलं. निघताना श्यामसुंदररावांनी स्वतःच नवी तारीख मागितली.

मनःशांतीची पुस्तकं जरूर वाचा. वाचून बरं वाटलं तर उत्तमच. घाबरायलाही हरकत नाही. पण आपल्याच भीतीला ग्रंथाची आज्ञा समजून तिच्यापुढे हात जोडू नका, कारण त्यात माणूस जातो. भीती वाटली तर घरच्यांना सांगा आणि औषध डॉक्टरांना विचारा.